कात्री बोथट की कापड ओले?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्लास्मिडवर लेख लिहावा याचे काही वाचकांना हसू येईल. येऊ द्या. जमाखर्चाच्या वह्यांत बुडालेल्या माणसाने जिवाणूंच्या प्रांतात नाक का खुपसावे, असे आमच्या वर्गातल्या मित्रांनीही विचारून झाले आहे. त्यांना माझे उत्तर एवढेच की, जिथे माल मोजून घेतला जातो, त्यावर काही प्रक्रिया होते आणि शेवटी अपेक्षित आकडा येत नाही, तिथे हिशेबनिसाला बोलण्याचा थोडा तरी अधिकार आहे. आणि या प्रकरणात आकडा न आल्यावर जे घडते, ते ऐकून कुठल्याही प्रामाणिक हिशेबनिसाची झोप उडावी.

माझी थोरली बहीण बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करते. तिच्याकडून, तिच्या मैत्रिणींकडून आणि आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पडलेल्या तिच्या जर्नलांतून मला जे उमगले त्यावर हा लेख उभा आहे. शास्त्राची बाजू तिने तपासून दिली. मते मात्र माझी. त्यांबद्दल तिला बोल लावू नये.

माझ्यासारख्या परप्रांतातल्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. ई. कोलाय नावाचा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो. मुख्य डीएनएखेरीज त्याच्या पोटात डीएनएची एखादी छोटी गोल कडी असू शकते. तिला प्लास्मिड म्हणतात. प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी पीयूसी-१९ ही कडी २,६८६ अक्षरजोड्यांची आहे. अशा कड्या ठरावीक जागी कापणारी प्रथिने म्हणजे रिस्ट्रिक्शन एन्झाइम्स. ईकोआर-वन हे त्यांपैकी एक. डीएनएवर जी-ए-ए-टी-टी-सी अशी सहा अक्षरे ओळीने दिसली की ते तिथे कापते, अन्यत्र नाही. पीयूसी-१९ मध्ये अशी जागा एकच आहे; म्हणून कडी कापली की तिची सरळ दोरी होते. मराठीत कात्री, कन्नडमध्ये कत्तरि. आमच्या भागात हे हत्यार समजावून सांगायला दुभाषी लागत नाही.

कापले की नाही हे पाहायचे जेलवर. जेल म्हणजे तुरुंग नव्हे. घरी चायना ग्रास घालून आपण जी वडी थिजवतो तिच्याच जातीची अगरोजची वडी. तिच्यातून विजेच्या ओढीने डीएनए सरकतो. पीळ भरलेली अखंड कडी घट्ट असते, ती पुढे पळते. पीळ सुटलेली कडी मागे रेंगाळते. कापलेली दोरी बहुधा या दोघींच्या मध्ये एकच रेघ होऊन उभी राहते. पहिली मेख इथेच आहे. न कापलेल्या प्लास्मिडच्याही दोन-तीन रेघा दिसतात, आणि घाईतला विद्यार्थी त्यांनाच 'तुकडे' समजून 'कापले' असे लिहून मोकळा होतो. शेजारच्या खाचेत एन्झाइम न घातलेला तोच नमुना नसेल, तर त्याला खोटे पाडणारा साक्षीदारच उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. प्लास्मिड काढला, एन्झाइम घातले, तासभर ३७ अंशांवर ठेवले, जेल चालवली, आणि कडी जशीच्या तशी. मग काय होते? 'एन्झाइम जुने झाले असेल' असा निकाल उभ्या उभ्या दिला जातो. ऐपत असेल तिथे नवी कुपी मागवतात. या इवल्याशा कुप्यांना हजारांत पैसे मोजावे लागतात. ऐपत नसेल तिथे पुस्तकातले चित्र जर्नलात उतरवून घेतात. ताईने बी.एस्सी. केली त्या महाविद्यालयात एका वर्षी अख्ख्या तुकडीच्या जेलवर एकही दोरी दिसली नव्हती. जर्नल मात्र सर्वांची सुबक रेघांसह सर्टिफाय झाली. आमच्याकडे रोजकीर्दीत न झालेला व्यवहार लिहिला तर त्याला अफरातफर म्हणतात. प्रयोगशाळेत त्याला 'सबमिशन' म्हणतात.

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण या ठिकाणी चपखल बसते. अंगण म्हणजे अर्थात एन्झाइम. ते नेहमीच निर्दोष असते असे माझे म्हणणे नाही. ते अर्ध्या ग्लिसरॉलमध्ये उणे २० अंशांवर ठेवावे लागते. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज मधूनमधून आत ऊब आणतो आणि एन्झाइमची तब्येत बिघडवतो. वीज गेली, कुपी बर्फाऐवजी टेबलावर राहिली, तरी तेच. पण आरोप करण्यापूर्वी पुरावा गोळा करता येतो, आणि त्याला जास्तीचा वेळही लागत नाही. म्हणूनच मला राग येतो.

पुरावा असा. एकाऐवजी चार नळ्या लावायच्या. पहिलीत आपला प्लास्मिड आणि बफर, एन्झाइम नाही. पण तीही इतरांबरोबर ३७ अंशांवरच ठेवायची. दुसरीत प्लास्मिड आणि एन्झाइम, म्हणजे खरा प्रयोग. तिसरीत प्लास्मिडऐवजी लॅम्डा नावाच्या विषाणूचा विकतचा शुद्ध डीएनए आणि तेच एन्झाइम. चौथीत लॅम्डा, आपला प्लास्मिड आणि एन्झाइम, सगळे एकत्र. लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ अक्षरजोड्यांचा आहे आणि ईकोआर-वन त्याला पाच ठिकाणी कापून सहा तुकडे करते. सर्वांत लहान तुकडा ३,५३० चा असल्यामुळे आपल्या प्लास्मिडची २,६८६ ची दोरी त्याच्या खाली स्वतंत्र दिसते. गल्लत होत नाही.

तिसऱ्या नळीत लॅम्डाही कापला गेला नाही, तर दोष एन्झाइमचा, बफरचा किंवा तापमानाचा. खुशाल नवी कुपी मागवा. तिसरीत तो कापला गेला, पण चौथीत आपल्या प्लास्मिडच्या संगतीने कापला जाईनासा झाला, तर आपल्या द्रावणात कात्री धरून ठेवणारे काहीतरी आहे. आणि चौथीतही लॅम्डाचे सहा तुकडे नीट पडले, फक्त आपला प्लास्मिड तेवढा अखंड राहिला, तर कात्रीही चांगली, द्रावणही स्वच्छ. गोम प्लास्मिडच्या अंगातच आहे. पहिल्या नळीचेही काम आहे. ई. कोलायच्या काही जाती, उदाहरणार्थ एचबी-१०१, डीएनए चावणारे स्वतःचे एन्झाइम बाळगून असतात. ते प्लास्मिडबरोबर आले असेल, तर बफरमधले मॅग्नेशियम मिळताच जागे होते आणि कात्री न घालताच डीएनएचा भुगा होतो. पहिल्या नळीत भुगा दिसला की बाकीच्या नळ्यांचा अर्थ लावण्यात हशील नाही.

बँकेचे पासबुक आणि आपले रोखपुस्तक जुळेना, तर आम्ही बँक बदलत नाही, जुळवणीपत्रक मांडतो. ही चौथी नळी म्हणजे मला तसे जुळवणीपत्रकच वाटते. शास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक नसते असे नाही. ताई म्हणते, 'ठाऊक सगळ्यांना असतं रे, लावत कुणी नाही.'

सर्वांत जास्त वेळा आढळणारा प्रकार मधला, म्हणजे ओल्या कापडाचा. हे समजण्यासाठी प्लास्मिड काढतात कसा ते पाहिले पाहिजे. १९७९ साली बर्नबॉइम आणि डोली यांनी प्रसिद्ध केलेली रीत आजही चालते. विकतच्या किटमध्येही आत तीच असते. जिवाणू पहिल्या द्रावणात कालवायचे. मग कॉस्टिक सोडा आणि साबणाच्या जातीचे एसडीएस घालायचे. जिवाणू फुटतात, डीएनएचे दोन्ही पदर सुटतात. मग आम्लधर्मी पोटॅशियम अॅसिटेट घातले की नासलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसतो. जिवाणूचा लांबलचक मुख्य डीएनए गुंता होऊन त्या साक्यात जातो. प्लास्मिडच्या कडीचे पदर एकमेकांत अडकलेलेच असल्यामुळे पुन्हा जुळतात आणि वरच्या पाण्यात राहतात. एवढ्यावरून लक्षात येईल की त्या वरच्या पाण्यात प्लास्मिडबरोबर मीठ आहे, आरएनए आहे, प्रथिनांचे अवशेष आहेत. त्यातून डीएनए अल्कोहोलने खाली बसवतात किंवा सिलिकाच्या पडद्यावर धरून धुतात. धुण्यात कसूर झाली की पुढे कात्री अडते.

कसूर कुठली हे बहुतेक वेळा नमुनाच सांगतो. जेलच्या खाचेत घातलेला थेंब बुडण्याऐवजी वर तरंगून पसरला, तर अल्कोहोल राहिले आहे असे समजावे. किटच्या नळीला धुतल्यानंतर एक मिनिट रिकामे फिरवायला सांगतात ते याचसाठी, आणि 'वेळ वाचवायला' नेमकी तीच पायरी गाळली जाते. फिनॉल वापरला असेल तर नंतर नुसत्या क्लोरोफॉर्मने तो काढून घ्यावा लागतो, कारण एन्झाइम हे प्रथिन आणि फिनॉल प्रथिनांचा वैरी. मीठ राहिले असेल, तर ७० टक्के अल्कोहोलची धुणावळ कमी पडली. ईकोआर-वन मिठाच्या बाबतीत बरेच सोशिक आहे. केपीएन-वनसारखे एन्झाइम मात्र थोड्या जास्त मिठानेही रुसते. त्यामुळे एकाच नळीतला प्लास्मिड एका कात्रीने कापला जातो आणि दुसरीने नाही, आणि दोष साहजिकच दुसऱ्या कुपीवर जातो.

आता एक हिशेब मांडतो. एन्झाइमनंतर सर्वांत जास्त शिव्या खातो तो ईडीटीए. तो मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि मॅग्नेशियमशिवाय ही कात्री चालत नाही, हे खरेच. डीएनए ज्या टीई द्रावणात विरघळवतात त्यात ईडीटीए असतो, म्हणून 'टीईमुळेच कापले नाही' असे सर्रास सांगितले जाते. पण टीईमध्ये ईडीटीए साधारण १ मिलिमोलर. २० मायक्रोलिटरच्या प्रयोगात ५ मायक्रोलिटर डीएनए घातला तर तो उरतो पाव मिलिमोलर. बफरमधले मॅग्नेशियम असते १० मिलिमोलर. म्हणजे चोरी झाली ती तिजोरीच्या चाळिसाव्या हिश्शाची. एवढ्याने पेढी बुडत नाही. डीएनए पातळ आहे म्हणून अर्धी नळी त्यानेच भरली किंवा टीईतला नमुना आटवून घट्ट केला, तर गोष्ट वेगळी. चार आकड्यांची ही वजाबाकी न करता जो निदान सांगतो, त्याचे निदान मी तरी मानणार नाही.

दुसरा हिशेब एन्झाइमच्या मापाचा. कुपीवर 'युनिट' लिहिलेले असतात. एक युनिट म्हणजे ३७ अंशांवर, ५० मायक्रोलिटरमध्ये, एका तासात एक मायक्रोग्रॅम लॅम्डा डीएनए पुरता कापणारे एन्झाइम. लॅम्डा, प्लास्मिड नव्हे! लॅम्डात ईकोआर-वनची एक जागा सरासरी ९,७०० अक्षरजोड्यांमागे येते, पीयूसी-१९ मध्ये २,६८६ मागे. म्हणजे त्याच वजनात कापायच्या जागा साडेतीनपटीहून अधिक, आणि त्यात कडीला घट्ट पीळ. सरळ डीएनएपेक्षा पीळदार कडी कापायला अनेक एन्झाइम्सना जास्त कष्ट पडतात. तेव्हा 'एक मायक्रोग्रॅमला एक युनिट' हे पुस्तकी माप इथे अपुरे. उलट भीतीपोटी एन्झाइम ओतत सुटणेही बरे नाही. एन्झाइम एकूण आकारमानाच्या दहाव्या हिश्शावर गेले, तर त्याच्याबरोबरचे ग्लिसरॉल वाढते आणि कात्री भलत्याच जागी कापू लागते.

शुद्धता मोजण्याचे यंत्र आहे, मग एवढा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. २६० आणि २८० या तरंगलांबींवरील वाचनांचे गुणोत्तर १.८ आले की डीएनए शुद्ध, असा समज आहे. आमच्या शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असे नव्हे. एखादा व्यवहार मुळात नोंदवलाच नाही, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तरी तेरीज झोकात जुळते. हे गुणोत्तर तसेच आहे. मीठ त्यात दिसत नाही. अल्कोहोल दिसत नाही. आरएनए असेल तर गुणोत्तर उलट वरच सरकते, आणि यंत्र आरएनएलाही डीएनए समजून वजन फुगवून सांगते; आपण एक मायक्रोग्रॅम समजून घालतो ते प्रत्यक्षात त्याचा लहानसा अंश असतो. किटमधले ग्वानिडीन राहिले असेल तर ते २३० पाशी दिसते, म्हणून २६०/२३० हे दुसरे गुणोत्तरही पाहावे. तेही दोनच्या आसपास हवे. आकडा सुंदर आहे म्हणून प्रयोग होईलच, ही अंधश्रद्धा शास्त्र शाखेला शोभत नाही.

द्रावण मळके निघाले तर उपाय स्वस्त आहेत. पुन्हा अल्कोहोलने खाली बसवून ७० टक्क्यांनी धुवावे, किंवा तोच डीएनए २० ऐवजी ५०-१०० मायक्रोलिटर आकारमानात कापावा, म्हणजे घाण पातळ होते. एका गोष्टीला मात्र उपाय नाही. कॉस्टिक सोड्याची पायरी पाच मिनिटांहून लांबली, तर कडीचे पदर असे काही चिंबतात की पुन्हा धड जुळत नाहीत. असा प्लास्मिड जेलवर पीळदार कडीच्याही पुढे पळतो आणि कापला म्हणून जात नाही. तो टाकून पुन्हा पहिल्यापासून काढावा. त्या पाच मिनिटांत कुणाला फोन येऊ नये एवढीच प्रार्थना.

राहिला तिसरा प्रकार. कात्री चांगली, द्रावण स्वच्छ, तरी प्लास्मिड अखंड. मला सर्वांत आवडलेला भाग हा. ई. कोलायच्या नेहमीच्या जाती आपल्या डीएनएवर जी-ए-टी-सी अशी चार अक्षरे आली की त्यातल्या 'ए'वर मिथिलचा एक बारीकसा शिक्का मारतात. बीसीएल-वन या एन्झाइमची जागाच टी-जी-ए-टी-सी-ए अशी आहे. म्हणजे शिक्का नेमका पात्याखाली येतो आणि नेहमीच्या जिवाणूतून काढलेला प्लास्मिड ते कधीच कापत नाही. एक्सबीए-वनची जागा टी-सी-टी-ए-जी-ए. तिच्या आधी योगायोगाने जी-ए आले, तर तिथेही शिक्का बसतो. मग एकाच प्लास्मिडमधली एक्सबीए-वनची एक जागा कापली जाते आणि दुसरी नाही. इथे दहा नव्या कुप्या आणल्या तरी व्यर्थ. प्लास्मिड जेएम-११० सारख्या, शिक्का न मारणाऱ्या जातीत वाढवून पुन्हा काढायचा, की झाले.

आणि मित्रहो, हे सगळे शास्त्र जन्मले तेच मुळी एका फसलेल्या गोष्टीतून. १९५२ आणि १९५३ साली लुरिया व ह्यूमन यांना, तसेच बर्टानी व वायगल यांना दिसले की एका जातीच्या जिवाणूत वाढलेला विषाणू दुसऱ्या जातीत जवळजवळ वाढतच नाही. 'विषाणूचा साठा जुना झाला असेल' म्हणून त्यांनी तो ओतून दिला नाही. नोंद केली, मोजले, छापले. त्या नोंदींचा माग वेर्नर आर्बर यांनी जिनिव्हात काढला, तेव्हा कळले की यजमान जिवाणू स्वतःच्या डीएनएवर खूण करतो आणि खूण नसलेला परका डीएनए कापतो. पुढे १९७० मध्ये बाल्टिमोरला हॅमिल्टन स्मिथ यांनी ठरावीक जागी कापणारे एन्झाइम वेगळे केले, डॅनियल नेथन्स यांनी ते वापरून दाखवले, आणि १९७८ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. ज्या कात्रीचे चित्र आमचे विद्यार्थी न कापलेल्या जेलच्या जागी काढतात, ती कात्री न झालेल्या वाढीची खरी नोंद ठेवल्यामुळे हाती आली आहे.

म्हणून प्राध्यापक महोदयांना माझी विनंती आहे, आणि ती थोडी उद्धट वाटली तर माझ्या वयाकडे पाहून क्षमा करावी. ज्याची जेल कापली गेली नाही, पण चार नळ्या लावून दोष कुठे ते ज्याने दाखवले, त्याला सुबक चित्रवाल्यापेक्षा जास्त मार्क द्यावेत. जर्नलात 'अपेक्षित निष्कर्ष' आणि 'प्रत्यक्ष निष्कर्ष' अशी दोन वेगळी पाने ठेवावीत. विद्यार्थ्याला खोटे लिहायचा छंद नसतो. खऱ्याला मार्क नाहीत हे त्याला पहिल्या महिन्यात समजते, एवढेच.

आणखी एक गोष्ट, जी मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांनाच कळेल. प्रयोगशाळेत 'कापले का नाही?' हा प्रश्न मनात मातृभाषेत उठतो. त्याचे इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या टेबलावर गेलेले असतात, आणि प्रश्न तिथेच विरतो. ताईच्या बाबतीत हे दोन वर्षे चालले. नंतर एका मॅडमनी 'कुठल्याही भाषेत विचारा' असे सांगितले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका कन्नड माध्यमाच्या मुलीने विचारले की रिकामे एक मिनिट का फिरवायचे. निम्म्या वर्गाने ती पायरी तोवर गाळलेलीच होती.

वेळ नाही, ही सबब मी ऐकली आहे. कापायला लागणारा तास एका नळीला तेवढाच आणि चार नळ्यांना तेवढाच. जेलवर खाचा रिकाम्या असतात. जास्तीचे लागते ते दोन नळ्यांपुरते एन्झाइम आणि थोडासा लॅम्डा. न तपासता मागवलेल्या एका कुपीच्या पैशात असे कितीतरी वर्ग निघतील. त्याचा खर्च-पत्रक मांडून हवा असेल, तर वाणिज्य शाखेत चौकशी करावी.